मुलीला टाइप १ शुगर, मराठीत भरवशाची माहिती कुठं मिळेल?

खानापूरची आई:
मुलगी तिसरीत आहे. पावसाळ्यात टाइप १ निघाला. बेळगावात डॉक्टरांनी समजावलं, पण हातात दिलेलं पुस्तक कन्नडमधलं. मला कन्नड बोलता येतं, वाचायला जमत नाही. सासूबाई म्हणतात, गोड बंद केलं की सुई बंद होईल. त्यांना वाचून दाखवण्यासारखं काही आहे का? आणि शाळेत काय सांगून ठेवू?

निपाणीकर:
ताई, आमचा पोरगा बालवाडीपासून इन्सुलिनवर आहे, आता दहावीला. सासूबाईंना सांगा, ही म्हाताऱ्या माणसांची शुगर नव्हे. पोरीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, मग गोड सोडून सुई कशी सुटणार? काढ्याच्या नादानं सुई थांबवली तर थोड्या दिवसांत रक्तात आम्ल वाढून जिवावर बेततं. ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणारा भेटणारच. आम्हाला तर लग्नाच्या पंगतीत भेटला.

आयसीएमआरनं (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०२२ मध्ये टाइप १ वर मार्गदर्शिका काढली, पण ती डॉक्टरांसाठी, इंग्रजीत. त्यापेक्षा पुढच्या भेटीला जाताना सासूबाईंनाच बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

आणि पुस्तकाआधी सिरिंज बघा ओ. बाटलीवर ४० किंवा १०० लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट इन्सुलिन. ४० च्या बाटलीला लाल टोपीची, १०० च्या बाटलीला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं खुणेपर्यंत ओढलं तर डोस अडीचपट जातो. आमच्या इथल्या एका मेडिकलात एक संपली की ‘सगळ्या एकच की’ म्हणून दुसरी हातात देतात. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

सीमाभागातली बाई (शिक्षिका):
माझ्या वर्गात असा मुलगा होता. शाळेला पुस्तक देऊ नका, कपाटात जातं. एकच कागद द्या, पुढं मराठी, मागं कन्नड, कारण आमचे पीटीचे सर कन्नड. सुईमुळं कधी साखर फार उतरते, त्याच्या खुणा लिहा. घाम, थरथर, उगाच चिडचिड किंवा एकदम गप्प होणं, साखर मोजायच्या मशीनवर ७० च्या खाली: लगेच साखरपाणी, १५ मिनिटांनी परत तपासणी. साखर किती चमचे ते मुलीच्या वजनावर ठरतं, डॉक्टरांकडून लिहून घ्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. अशा वेळी ‘जा, पाणी पिऊन ये’ म्हणून एकटीला वर्गाबाहेर पाठवायचं नाही, हे जाड अक्षरात. बिसी ऊटाला (शाळेतल्या दुपारच्या जेवणाला) उशीर झाला तर काय द्यायचं, तेही लिहा. कागद दप्तरात नको, बाईंच्या टेबलाच्या काचेखाली.

खानापूरची आई:
बाटली ४० ची, टोपी लाल. बरं वाटलं. इथं लाइट सारखी जाते, फ्रिजचं काय करू?

निपाणीकर:
मडक्यात मडकं ठेवा, मधे ओली वाळू, बाटली डब्यात घालून आत. चालू बाटली साधारण चार आठवडे तशी टिकते. उन्हात नको. फ्रीजरमध्ये गोठली तर मात्र टाकून द्या, वितळली तरी वापरायची नाही.