मलय भाषेतील 'काह' आणि मराठीतील 'का'

शंका : मलयच्या प्राथमिक पुस्तकात प्रश्नार्थक वाक्यांत 'काह' हा प्रत्यय पानोपानी दिसतो, क्वालालंपूरच्या खाणावळीत मात्र तो कोणाच्याच तोंडून ऐकू आला नाही. या 'काह'चा आपल्या 'का'शी काही संबंध आहे काय?

उत्तर : संबंध नाही. मलय ही ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मराठीहून वेगळ्याच कुळातील भाषा असल्यामुळे हे ध्वनिसाम्य योगायोगाचेच मानावे लागेल, मात्र दोघांचे काम बरेच सारखे आहे. ज्या शब्दाविषयी शंका असेल त्यालाच 'काह' चिकटतो, म्हणून 'इनिकाह रुमाह आवाक?' याचे नेमके मराठी 'हे तुमचे घर आहे का?' असे नसून 'हेच का तुमचे घर?' असे होईल. बोलताना हा प्रत्यय झिजून नुसता 'क' उरतो आणि मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जातो. 'पदास क?' म्हणजे 'तिखट आहे का?', 'आहे'साठी वेगळा शब्द लागत नाही. 'पदास ताक?' असे विचारल्यास 'तिखट आहे की नाही?' असा अर्थ होतो. (येथे दह्याच्या ताकाचा संबंध नाही, 'तिदाक' म्हणजे 'नाही' याचे ते संक्षिप्त रूप असून त्यातील शेवटचा 'क' घशातच गिळला जातो.)

उत्तर देताना 'हो' म्हणण्यापेक्षा विचारलेला शब्दच परत उच्चारण्याची रीत अधिक आहे, आणि मराठी माणूस अडखळतो तो नकार देताना. 'सुदाह माकान?' म्हणजे 'जेवलात का?' या प्रश्नाला 'सुदाह' किंवा 'बलुम' असे उत्तर अपेक्षित असते. 'बलुम' म्हणजे 'अजून नाही'. लग्न झाले का, या प्रश्नालाही अविवाहित माणूस 'बलुम' असेच म्हणतो, मग त्याचा लग्नाचा विचार असो वा नसो.

पुरवणी : प्रश्नार्थक शब्दांपैकी 'बिला', म्हणजे 'केव्हा', हा संस्कृत 'वेला'पासून आला, म्हणजे आपल्या 'वेळ' या शब्दाचा तो भाऊबंदच ठरतो. 'का?' असे विचारण्यासाठी 'कनापा' वापरतात आणि त्याचे उत्तर 'करना' या शब्दाने सुरू होते. हे संस्कृत 'कारण'च असून मराठीतही आपण उत्तराची सुरुवात 'कारण' म्हणूनच करतो. नाव विचारताना मात्र 'काय' चालत नाही, तेथे 'सियापा', म्हणजे 'कोण', लागते : 'सियापा नामा आवाक?' यातील 'आवाक', म्हणजे 'तुम्ही', बरोबरीच्या माणसासाठी ठीक आहे. वडीलधाऱ्यांना 'पाकचिक' किंवा 'माकचिक', म्हणजे काका किंवा मावशी, असे संबोधावे. थोड्या मोठ्या स्त्रीला 'काकाक', म्हणजे ताई, म्हणतात आणि त्यातलाही शेवटचा 'क' गिळला जात असल्यामुळे आपल्या कानांना कोणी ताईलाच 'काका' म्हणून हाक मारत आहे असे वाटते.