घरातला धर्म, घरातलं शिक्षण : तुमच्याकडे काय घडलं?

गेल्या महिन्यात आत्याचे यजमान गेले. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर बोलायची. भिडेवाड्यातल्या १८४८च्या शाळेची गोष्ट सांगताना तिचा गळा दाटून यायचा. दहाव्याला बायका बांगड्या फोडायला आल्या, तेव्हा तिने आपणहून हात पुढे केले. मी एमए, बीएड. शेजारीच उभी होते, तोंड उघडलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग सरकारनेही परिपत्रक काढलं. आमच्या ग्रामपंचायतीनेही ठराव केला होता. दहाव्याला सरपंच पुढच्याच खुर्चीत होते.

तर भाषण नको. तुमच्या घरात काय घडलं तेवढं सांगा.

*

पुण्याहून :
आमच्याकडे उलटंच. सासूबाई सातवी पास. माझ्या पाळीच्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "देवाला चालतं की नाही ते देव बघेल, तू कुकर लाव." विषय संपला. जाऊबाई मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी. त्या चार दिवस देवघरात जात नाहीत आणि वर आम्हाला 'ऊर्जे'चं शास्त्र समजावतात.

*

मराठवाड्यातून :
आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात होते. दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव गोदावरीत सोडले. आजीने खंडोबाचा टाक मात्र ज्वारीच्या कणगीत दडवला. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या, आणि रविवारी कणगीत हात घालून ती टाक चाचपायची. दोन्ही खरं.

आजोबांचा हट्ट एकच, पोरं शिकली पाहिजेत. वडील बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, बँकेत लागले. आम्हा बहिणींना 'पोरीच्या जातीने' हे शब्द घरात कधी ऐकावे लागले नाहीत. मग मी मातंग मुलाशी लग्न ठरवलं. ज्यांनी मला जातीविरुद्धची पुस्तकं हातात दिली, तेच वडील म्हणाले, "समाजात काय सांगू?" आठ महिने बोलले नाहीत. शेवटी नोंदणी कार्यालयात आले, साक्षीदार म्हणून सही केली आणि न जेवता निघून गेले. धम्माला दोष देत नाही. त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत मला त्याच घरात मिळाली होती. पण ते न जेवता गेले, हेही विसरता येत नाही.

*

सोलापूरहून :
"बुरखा घालणार असशील तर कॉलेज," असं अब्बांनी सांगितलं. मी घातला, बीएस्सी झाले. तू मुक्त की बंदिस्त, असं मैत्रिणी अजून विचारतात. बुरख्याच्या खिशात एसटीचा पास होता, एवढं मला माहीत आहे. निकाहाच्या वेळी काझींना म्हटलं, निकाहनामा आधी मला वाचू द्या. ते चमकले, अम्मी त्यांच्याहून जास्त. मेहेरचा आकडा मीच वाढवून घेतला. तोंडी तलाकविरुद्ध १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांनी मुंबईत मोर्चा काढला होता, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. २०१७चा निकाल आला तेव्हा बातम्यांत कळलं.

*

फोंड्याहून :
गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. मी वकील, दोघी बहिणी शिक्षिका. तिघींनी हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. भाऊ वाईट नाही हो, वहिनीही नाही. पण वाटा घेतला की गणेश चवथीला माहेरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांखाली, बसायला तोंड राहत नाही, हे आईने एकदाच सांगितलं. कायदा मी रोज कोर्टात वापरते.

*

साताऱ्याहून :
आजी निरक्षर, आषाढीच्या वारीला सलग तीस वर्षं. वर्षातले तेवढेच दिवस तिला कुणी "कुठे निघालीस" म्हणून विचारत नसे. हरिपाठाच्या पुस्तकावर बोट ठेवत ती साठीत अक्षरं ओळखायला लागली. पहिलं काय वाचलं? सातबारा. त्यावर तिचं नाव नव्हतं.

*

धागाकर्ती :
आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्या कणगीतल्या टाकाचं पुढे काय झालं ते विचार.

*

मराठवाड्यातून :
आजी गेल्यावर सापडला. वडिलांनी पाण्यात सोडला नाही, मोडीतही घातला नाही. बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या कपाटात, खालच्या खणात, फडक्यात बांधून ठेवलाय. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.