मदत हवी आहे: गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये घुंऽऽ आवाज

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बँडमध्ये सात वर्षं गिटार वाजवली, आता पहिला एकट्याचा अल्बम दारव्हा तालुक्यातल्या घरीच रेकॉर्ड करतोय. इलेक्ट्रिक गिटार लावली की मागे सतत घुंऽऽ येतं, तारांना हात लावला की कमी होतं. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की जास्तच. ५० हर्ट्झच्या लाइनचाच आवाज असावा. घराला अर्थिंग धड नाही आणि पिकअप (तारांची थरथर पकडणारा गिटारचा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर बराच फरक पडतो, पण ती तासभरही टिकत नाही.

आधी अर्थिंग करू की हंबकर (घुंऽऽ कमी करणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) बसवू? काळ्या मातीत कुणी केलं असेल तर खड्डा किती खोल घेतला, सांगा. कपाशीची वेचणी लागायच्या आत तीन गाणी संपवायची आहेत. त्यातलं एक आजोबांच्या डहाक्याच्या ठेक्यावर आहे, ते मला स्वच्छच हवंय.