मदत हवी आहे : उन्हाने आणि पाण्याने खचलेली तीन बोन्साय झाडे

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी परभणीत राहतो. गावाकडच्या जुन्या वाड्याची भिंत उतरवताना तिच्या सांध्यात उगवलेले वडाचे वीतभर रोप मी मुळांसकट सोडवून आणले, त्याला आता १४ वर्षे झाली. १६ इंच लांब आणि ३ इंच खोल ट्रेमध्ये वाढलेल्या या वडाची पहिली पारंबी गेल्या पावसाळ्यात मातीला टेकली. त्याच्याजवळच चिंचोक्यापासून वाढवलेली ९ वर्षांची चिंच आणि जाड, रसाळ पानांच्या जेडचे एक जुने झाड आहे. तिन्ही झाडे डोळ्यांदेखत खचत चालली आहेत आणि मी जे उपाय करतो आहे त्यांनीच ती अधिक खचत असावीत अशी शंका येऊ लागल्यामुळे मदत मागत आहे.

एप्रिलच्या अखेरीस घरच्या लग्नासाठी आम्ही ९ दिवस नांदेडला होतो. शेजारचा मुलगा रोज संध्याकाळी न चुकता पाणी घालत होता. त्याला मी नीट समजावून सांगितले नव्हते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. परत आलो तेव्हा पारा ४३ अंशांवर होता, वडाची निम्मी पाने पिवळी होऊन ट्रेभोवती पडली होती, चिंचेची पाने करपून फांदीवरच वाळली होती आणि जेडची पाने सुरकुतली होती. झाडे तहानलेली आहेत असे समजून मी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन वेळा पाणी देऊ लागलो. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येते, म्हणून कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना वापरले. झाडांना बळ यावे म्हणून १९:१९:१९ चे (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खतही एकदा दिले. त्यानंतर आठ दिवसांत वडाची उरलेली पानेही गळाली, जेडच्या बुडाशी खोड बोटाने दाबले जाईल इतके मऊ झाले आणि तिन्ही ट्रेच्या कडांवर पांढरा थर दिसू लागला.

वडाची माती शेतातली काळी माती आणि शेणखत अशी आहे. चिंच कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), वाळू आणि थोड्या मातीच्या मिश्रणात आहे. ट्रे गच्चीच्या स्लॅबवरच ठेवलेले असतात आणि सकाळी नऊपासून सूर्यास्तापर्यंत तेथे थेट ऊन असते. मला विचारायचे आहे ते असे की, पाने गळण्याचे कारण पाण्याची कमतरता आहे की पाण्याचा अतिरेक, हे झाडाकडे पाहून कसे ओळखावे? माती आत्ताच बदलावी का? आणि वड जिवंत आहे की नाही, हे त्याला धक्का न लावता कसे तपासावे?

प्रतिसाद

नमस्कार. माझी झाडे लातूरला आहेत आणि तेथेही मे महिन्यात गच्चीवर हीच परिस्थिती असते, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. वडाच्या एखाद्या बारीक फांदीची साल नखाने अगदी हलकेच खरवडा. आत हिरवा थर दिसला आणि पांढरा चीक आला, तर ती फांदी जिवंत आहे. टोकाकडे कोरडे लागले तर खोडाकडे सरकत पुन्हा तपासा. वडाची सगळी पाने गळाली तरी खोडात जीव असेल तोवर आशा सोडू नये.

आता पाण्याविषयी. तुमच्या तिन्ही झाडांचा आजार एकच नाही, आणि तिघांना एकच उपचार झाल्यामुळे नुकसान वाढले आहे. पाणी जास्त झाले की पाने बहुधा पिवळी पडून मऊ असतानाच गळतात. तहानेने मरणाऱ्या झाडाची पाने कुरकुरीत वाळतात आणि बऱ्याचदा फांदीलाच चिकटून राहतात. मात्र केवळ पानांवर विसंबू नका, कारण मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि भिजलेल्या मातीत उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच सुकते. म्हणून जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी ट्रेच्या मध्यभागी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढा. ती ओली आणि आंबूस वासाची निघाली तर पाणी ताबडतोब थांबवा. कोरडी निघाली तर माती वरून ओली दिसत असली तरी आत पाणी पोहोचलेले नाही.

आपली काळी माती ट्रेमध्ये फार घातक ठरते. ती भिजली की फुगते आणि तिच्यातली हवा निघून जाते. वाळली की आकसून ट्रेच्या भिंतीपासून सुटते, मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मुळांचा गोळा मध्ये कोरडाच राहतो. शेतात जिच्या जोरावर कापूस आणि ज्वारी येते, ती माती तीन इंचांच्या ट्रेमध्ये झाडाचा श्वास कोंडते.

कूलरचे पाणी कृपा करून पूर्ण बंद करा. कूलरमध्ये शुद्ध पाण्याची वाफ होते आणि क्षार टाकीतच उरतात, त्यामुळे ते पाणी दिवसागणिक अधिक खारे होते. कडांवरचा पांढरा थर त्याचाच आहे, आणि त्यावर खत दिल्याने क्षारांत भरच पडली. आजारी मुळांना खत कधीही देऊ नये. घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल तर त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणीही याच कारणाने टाळा; एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र चालते. दुपारी पाणी घालू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी त्या वेळी हात पोळण्याइतके तापलेले असते. सूर्य वर येण्यापूर्वी पाणी देणे सर्वांत चांगले.

ट्रे आजच स्लॅबवरून उचला. शक्य असल्यास पूर्वेकडच्या भिंतीलगत, निम्मे ऊन अडवणाऱ्या ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली, विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि तापलेल्या स्लॅबची धग मुळांना लागणार नाही. ट्रेभोवती ओले गोणपाट गुंडाळले तर आणखी चांगले.

काडी कोरडी निघाली तर चिंचेचा ट्रे काठापर्यंत पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. पूर्ण वाळलेले कोकोपीट वरून घातलेले पाणी सहजासहजी शोषत नाही. जेडचे मऊ झालेले खोड वाचणार नाही. कुजलेल्या भागाच्या वर, काप स्वच्छ दिसेल तेथून छाटा, फांद्या चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, मग कोरड्या जाड वाळूत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. वडाच्या ट्रेमधून काडी चिकट ओली आणि वासाची निघाली. चिंचेची काडी मधोमध पूर्ण कोरडी होती, हे पाहून धक्का बसला, कारण तिच्यावरही मी दिवसातून तीन वेळा पाणी ओतत होतो. वडाच्या खालच्या तीन फांद्या हिरव्या आहेत आणि चीक येतो. शेंडा मात्र वाळला आहे. माती इतकी खराब आहे तर मृगाच्या पावसापर्यंत थांबावे की आत्ताच बदलावी, एवढेच कृपया सांगावे.

प्रतिसाद

मुळे कुजत असतील तर थांबू नका. एरवी मे महिन्यात मी मुळांना हात लावत नाही, पण येथे थांबण्याचा धोका मोठा आहे. संध्याकाळी गोळा अलगद बाहेर काढून सावकाश धुवा, काळी आणि बोटांत चुरगळणारी मुळे तेवढी कापा, पांढऱ्या आणि पिवळसर मुळांना धक्का लावू नका. ट्रे सध्या बाजूला ठेवून, खाली भोक असलेल्या मोठ्या मातीच्या कुंडीत विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू यांत झाड बसवा. वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला आणि पूर्ण सावलीत ठेवा. पिशवीवर ऊन पडले तर आत झाड शिजेल. पाने नसलेल्या झाडाला पाणी फार थोडे लागते, म्हणून काडी पाहिल्याशिवाय पाणी देऊ नका.

धागाकर्त्याचे उत्तर

आज २३ दिवस झाले. वडाची एक तृतीयांश मुळे कापावी लागली. मातीला टेकलेल्या पारंबीला मात्र खाली नवी पांढरी मुळे फुटलेली होती, ती जपून तशीच बसवली. काल सकाळी सर्वांत खालच्या फांदीवर तांबूस टोकाचे दोन कोंब दिसले. चिंचेला खोडालगत बारीक पालवी आली आहे. जेडच्या पाच फांद्यांपैकी चार टवटवीत आहेत. वडाची पिशवी कधी काढावी?

प्रतिसाद

पहिली दोन पाने पूर्ण उघडेपर्यंत राहू द्या. त्यानंतर आधी रोज संध्याकाळी तासभर काढा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण काढा. वाळलेला शेंडा आत्ता छाटू नका, खालची पालवी पक्की होऊ द्या.