मदत हवी आहे: बाबांच्या ४३ व्हीएचएस कॅसेट, चिपळूणची बुरशी आणि वाकडी डोकी

अर्धवट_अँटेना

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

१९८७ साली आमच्याकडे व्हीसीआर आला. तेव्हा आम्ही पुण्यात राहायचो. गच्चीतला अँटेना सिंहगडाकडे तोंड करून, आणि बाबा रिमोट घेऊन टीव्हीसमोर. (रिमोटला वायर होती, हे आता मुलांना पटत नाही.) मुंबई दूरदर्शनवरची नाटकं, मुलाखती, 'गजरा', जे आवडेल ते त्यांनी टेप केलं. कॅसेटचे नंबर, तारखा, कुठून कुठे काय आहे हे सगळं एका डायरीत लिहिलेलं आहे. निवृत्तीनंतर आईबाबा चिपळूणला गेले आणि कॅसेटही गेल्या. जुलै २०२१ च्या पुरात घरात कंबरभर पाणी होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या ६ कॅसेट बुडाल्या. बाबांनी त्या धुऊन पडवीत वाळवल्या. बाकीच्या ३७ वर राहिल्या, पण दमटपणा त्यांनाही सोडत नाही. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते.

बाबा गेल्या वर्षी गेले. भाऊ म्हणतो, सगळं यूट्यूबवर असतं, टाकून दे. मी डायरीतली ५-६ नाटकं शोधली, एकही मिळालं नाही.

आतापर्यंतचा प्रताप सांगते. जुन्या बाजारातून एक व्हीसीआर घेतला, तो चालतोय. व्हीसीआरचं चित्र संगणकात उतरवणारं यूएसबीचं एक कॅप्चर यंत्र घेतलं, काही शे रुपयांचं. त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारी कॅसेट लावली, तर:

– चित्राचा वरचा भाग उजवीकडे झुकतो. सगळ्यांची डोकी वाकडी, धड सरळ.
– मध्येच निळा पडदा येतो.
– अर्ध्या-पाऊण तासाने ओठ आणि आवाज यांची फारकत होते.
– कुणी हलला की कडांना कंगव्याचे दात फुटतात.

मग एका एआय अ‍ॅपमधून दोन मिनिटं "सुधारून" घेतली. नऊवारीतल्या आजीबाईंचा मेणाचा पुतळा झाला आणि कपाळावरचं कुंकू गायब.

त्याआधी एका स्टुडिओवाल्याकडे दोन कॅसेट दिल्या होत्या. त्याने चित्र ताणून आडव्या टीव्हीच्या मापाचं केलं, मधलं "नको ते" कापलं आणि कोपऱ्यात स्वतःचा फोन नंबर टाकून दिला. म्हणून आता घरीच करायचं ठरवलंय.

बजेट साधारण १५ हजार. तांत्रिक ज्ञान एक्सेलपुरतं. कुठून सुरुवात करू? आगाऊ आभार.

---

जुनाट

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडेही २० आहेत, माळ्यावर. हेड (व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग) साफ करायला कोरी करकरीत नोट आणि पेट्रोल, हा आमच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याचा रामबाण उपाय होता.

---

खटपट्या

ताई, आधी एक काम. आज रात्रीच करा. सगळ्या कॅसेटच्या पाठीमागची डावी खुंटी बघा. ती शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका, आणि तुटलेल्या जागी सेलोटेप लावलेला असेल तर तो काढा. खुंटी नसली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करूच शकत नाही. जुन्या बाजारातल्या यंत्राचं कोणतं बटण कधी अडकेल याचा नेम नाही. माझ्या मुंजीची कॅसेट अशीच गेली.

जुनाट काका, नोटेची युक्ती निम्मी बरोबर आहे, पेट्रोल मात्र नको. साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची (९९ टक्केवालं, औषधाच्या दुकानातलं पाणी मिसळलेलं नव्हे), ड्रमला (ज्यावर हेड बसवलेली असतात त्या फिरत्या भागाला) हलकेच टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा. कागद वरखाली हलवायचा नाही. कानातल्या कापसाच्या काडीचे धागे हेडमध्ये अडकतात आणि हेडच तुटतं, म्हणून ती वर्ज्य. अर्थात यंत्राची पिन काढून हे करायचं, हे सांगायला नको.

आता वाकडी डोकी. फीत यंत्रातून जाताना किंचित ताणली जाते, किंचित सैल पडते. त्यामुळे प्रत्येक ओळ नेमक्या वेळी सुरू होत नाही. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्राच्या ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. जुना डबा टीव्ही ही उशिरा येणारी ओळ सांभाळून घ्यायचा. कॅप्चर यंत्राला तो समजूतदारपणा नाही. ड्रमवर दोन हेड असतात, एक फीत सोडतं आणि दुसरं पकडतं. त्या अदलाबदलीचा धक्का पडद्याच्या वरच्या टोकाला दिसतो, म्हणून पायांपेक्षा डोकी वाकडी. तुमच्या ओठ-आवाज भांडणाचं मूळही बहुधा हेच आहे. सिग्नल डळमळला की यंत्र चित्रं गाळतं, आवाज मात्र चालत राहतो. पाऊण तासात ती तूट डोळ्यांत भरते.

यावरचा औषधी इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. चांगला टीबीसी तुमच्या बजेटात बसायचा नाही. गरिबाचा टीबीसी म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर. प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. त्यात डिस्क घालायचीच नाही, व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र यांच्या मध्ये फक्त जोडायचा. सिग्नल आत जातो, ओळी सरळ होऊन बाहेर येतो. ओळखीपाळखीत विचारा, २००५-०६ च्या सुमाराला हौसेने घेतलेला एखादा कुणाच्या तरी टीव्हीखाली धूळ खात असेलच.

निळा पडदा ही व्हीसीआरची आगाऊ हुशारी आहे. सिग्नल कमकुवत झाला की तो निळं दाखवतो. मेनूमध्ये बंद करता आलं तर करा, खाली मुंग्यांमध्ये का होईना, चित्र असतं. आणि ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेघेवर नेमकं बसवायची सोय) प्रत्येक कॅसेटला नव्याने लावा.

कंगव्याचे दात हा दोष नाही, त्यांना हात लावू नका. सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात, एकदा विषम ओळी, एकदा सम. संगणक दोन अर्धी एकत्र दाखवतो म्हणून दात दिसतात. कॅप्चर करताना ती तशीच ठेवायची. नंतर प्रतीवर क्यूटीजीएमसी (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणारी प्रक्रिया) चालवलं की ५० पूर्ण चित्रं मिळतात आणि हालचाल डब्यावर दिसायची तशी सुळसुळीत दिसते. हायब्रिड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळतं.

कॅप्चर व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये करा, ७२० गुणिले ५७६, हफयूव्ही किंवा लॅगारिथ या गुणवत्ता न घटवणाऱ्या साठवण-पद्धतींत. ताशी साधारण ३० जीबी धरा. ४३ कॅसेट प्रत्येकी ३ तासांच्या धरल्या तर जवळजवळ ४ टीबी होतात. नंतर एफएफव्ही१ या तशाच पद्धतीत बदलून ठेवलं की जरा आटोपतं, आणि गुणवत्तेत कणभरही फरक पडत नाही. डिस्क दोन घ्या आणि दुसरी पुण्यात ठेवा. वाशिष्ठी नदीने एकदा बजावलंय.

---

रीळ_आणि_चहा

वरच्या सगळ्याला +१.

बजेट संपलं आणि हौस उरली तर व्हीएचएस-डीकोड नावाचा प्रकार आहे. लेझरडिस्कच्या वेड्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून निघालाय. व्हीसीआरचं चित्र घ्यायचंच नाही, हेडवरून येणारी कच्ची लहर थेट नोंदवायची आणि बाकीचं सगळं सॉफ्टवेअरने करायचं. टीबीसीसुद्धा त्यातच. पण यंत्र उघडून सोल्डरिंग करावं लागतं. एक्सेलवाल्यांनी लगेच या वाटेला जाऊ नये. :)

मला खरं बोलायचंय ते त्या स्टुडिओवाल्याने कापलेल्या "नको त्या" भागाबद्दल. काय होतं त्यात?

---

अर्धवट_अँटेना

खटपट्या, साष्टांग नमस्कार. खुंट्या रात्रीच तोडल्या. नऊ कॅसेटांवर सेलोटेप होता! म्हणजे बाबांनी त्या आधी जपायच्या ठरवल्या आणि मग मन बदललं.

रीळ आणि चहा, जाहिराती होत्या. निवेदिका, बातम्यांचा तुकडा, आणि एका ठिकाणी चक्क चार मिनिटं "व्यत्यय"ची पाटी.

---

रीळ_आणि_चहा

अरेरे. ताई, मूळ कॅसेट तुमच्याकडे परत आल्या असतील तर त्या पुन्हा करा, आणि या वेळी एक सेकंदही कापू नका.

नाटक चांगलं असेल तर त्याची दुसरी प्रत कुठे तरी असण्याची थोडी तरी शक्यता आहे. निवेदिका पुढच्या कार्यक्रमाबद्दल काय बोलली, मध्ये कुठल्या साबणाची जाहिरात लागली, "व्यत्यय" किती वेळ टिकला, हे कोण जपणार? त्या काळी टेप महाग, म्हणून वापरलेल्याच टेपवर पुन्हा चित्रण व्हायचं. बीबीसीनेसुद्धा हेच केलं. 'डॉक्टर हू' या त्यांच्या विज्ञानकथा मालिकेचे १९६० च्या दशकातले कित्येक भाग त्यांनी पुसून टाकले. आज त्या हरवलेल्या भागांचा आवाज उपलब्ध आहे, तो प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला म्हणून. त्याच मालिकेच्या १९७१ च्या एका कथेचे बहुतेक भाग फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले होते. १९९२ मध्ये त्यांना रंग परत मिळाला तो अमेरिकेत एका चाहत्याने घरी केलेल्या रेकॉर्डिंगमधून. रंग त्या कॅसेटचा, रेखीवपणा फिल्मचा.

अमेरिकेतल्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७७ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत घरी टीव्ही टेप केला, सुमारे ७० हजार कॅसेट. घरचे वैतागले असणार. तुमच्या बाबांच्या डायरीबद्दल वाचून मला त्याच आठवल्या. डायरीची पानंही स्कॅन करा, तो या सगळ्याचा कणा आहे.

एआय सुधारणा नंतर, आणि प्रतीवरच. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेघांचा. यंत्राला कुंकू दिसलंच नाही, मग त्याने आपल्या मनाचं कपाळ काढलं. थोडी खरखर राहू द्या की.

---

कोकणचा_पाऊस

मी रत्नागिरीचा, बुरशीशी घरोबा आहे. बुरशीवाली कॅसेट चांगल्या यंत्रात अजिबात घालू नका. तिची भुकटी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी सगळ्या कोरड्या करा: हवाबंद डबा, भरपूर सिलिका जेल, दोन-तीन आठवडे. ओली बुरशी चोळली की पसरते, वाळलेली झटकता येते. मग उघड्यावर, एन९५ मास्क लावून (हसू नका, मला आठवडाभर खोकला होता), कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे आणि रिळांच्या कडा मऊ सुती फडक्याने पुसायच्या. स्प्रिंग उडते, म्हणून उघडण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. त्यानंतर एक पडीक व्हीसीआर फक्त याच कामाला ठेवा. त्यात कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करायची आणि दर वेळी त्याची साफसफाई करायची. चांगलं यंत्र त्यानंतर.

पुरातल्या सहा वेगळ्या ठेवा. गाळ वाळून फितीच्या थरांत बसला असेल तर यंत्र पहिल्या फेरीतच ती किसून काढेल. रिळं सुटी करून गार डिस्टिल्ड पाण्यात खळबळायची, सावलीत पंख्याखाली वाळवायची, नव्या कवचात बसवायची. आधी एखादी निरुपयोगी कॅसेट मुद्दाम चिखलात बुडवून तिच्यावर हात बसवा. आणि कुणी ओव्हनमध्ये भाजायला सांगेल, ते ऐकू नका. तो उपाय दुसऱ्या जातीच्या फितींचा आहे.

---

जुनाट

पेट्रोल मागे घेतो. एक शंका: हे यूट्यूबवर टाकलं तर चालतं का?

---

रीळ_आणि_चहा

स्वतःसाठी आणि अभ्यासासाठी जपण्याला आपला कायदा आडवा येत नाही. जाहीर टाकणं वेगळं. प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांनी संपतो, पण चित्रीकरणाचा ६० वर्षं असतो आणि नाटककाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेव्हा "जुनं झालं, आता सगळ्यांचं" असं होत नाही. आधी प्रसार भारतीच्या संग्रहाला डायरीतली यादी पाठवा आणि काय नाही ते विचारा. कॅसेट मात्र देऊन टाकू नका, प्रत द्या. डिजिटल झालं म्हणून मूळ कॅसेट भंगारातही नको.

---

अर्धवट_अँटेना

तीन आठवड्यांनी हजर. डीव्हीडी रेकॉर्डर आत्याच्या टीव्हीखाली सापडला. ईएस१५ नाही, त्याचाच कुणी तरी भाऊबंद, पण डोकी सरळ झाली! आवाजही दोन तास पक्का राहिला. स्टुडिओवाल्याच्या दोन्ही कॅसेट पुन्हा केल्या, "व्यत्यय" आता चारही मिनिटं पूर्ण आहे. भावाने तो तीनदा पाहिला. टाकून दे म्हणणं बंद झालंय.

आता नवा घोळ. कॅसेट १७, सेलोटेपवाली. डायरीत आधी एका नाटकाचं नाव होतं, ते गिरवून गिरवून खोडलंय आणि वर लिहिलंय: "भारत-पाक, बंगलोर, ९-३-९६". मॅच आहेच, शेवटच्या चेंडूपर्यंत. पण मॅच संपल्यावर बाबांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि फीत उरली. मुंग्या, एक उडी, आणि अचानक दिवाणखान्याचा सेट. त्या खोडलेल्या नाटकाची शेवटची अकरा मिनिटं! श्रेयनामावली इतकी धूसर की एक नाव लागत नाही. मग निवेदिका येते, हसते, म्हणते, "रसिकहो, आत्ताच आपण पाहिलंत..." आणि फीत संपते.

कुणाला ओळखता येईल का? सेटवर हिरवा सोफा आहे, मागे उडत्या बगळ्यांचं चित्र.

---

खटपट्या

सोफ्यावरून नाही जमायचं ताई, तो हिरवा सोफा तेव्हा प्रत्येक नाटकात होता. पण श्रेयनामावली वाचता येईल. तोच तुकडा पाच वेळा कॅप्चर करा, दर वेळी ट्रॅकिंग किंचित बदलून. पाचही माझ्याकडे पाठवा. एकावर एक ठेवून मधली किंमत काढली की यादृच्छिक खरखर उडते आणि अक्षरं तेवढी उरतात. डायरीतल्या त्या खोडलेल्या ओळीचा फोटोही पाठवा, पानाच्या मागच्या बाजूने, दिवा आडवा धरून. बॉलपेनने जोर देऊन लिहिलं असेल तर खाच पडलेली असते.