निवडणूक याचिकेत आईला साक्षीचं समन्स – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई गावी एकटी असते, वय ६८. गेल्या आठवड्यात तिच्या नावाने हायकोर्टाचं समन्स आलं. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडून जे निवडून आले, त्यांच्याविरुद्ध पडलेल्या उमेदवाराने निवडणूक याचिका केली आहे आणि त्यात आई साक्षीदार. (मतदारसंघ मुद्दाम लिहीत नाही. कृपया तर्कही लढवू नका.)

झालं ते असं. मतदानाच्या आदल्या रात्री दोन पोरं घरोघरी स्लिपा वाटत आली. आईच्या स्लिपेच्या घडीत पाचशेची नोट होती, ती तिला दार लावल्यावर दिसली. अंधारात कुणाच्या मागे धावणार? तिने नोट मोहरीच्या डब्यात टाकली. पहाटे आळीत भरारी पथक आलं, तेव्हा आईने आपणहून डबा त्यांच्यापुढे उपडा केला. पंचनाम्यात नोटेचा नंबर आहे, खाली आईची सही आहे.

याचिका मी वाचली. मुद्दे दोन. पहिला, उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता लपवली, म्हणून अर्ज मुळात स्वीकारायलाच नको होता. दुसरा, लक्ष्मीदर्शन, म्हणजे मतांसाठी पैसे वाटणं. आईचा संबंध दुसऱ्याशीच.

खरी अडचण आता. याचिकाकर्त्याच्या वकिलांनी आईच्या नावाने टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र सहीला पाठवलंय. त्यात परिच्छेद ६ असा: ती मुलं म्हणाली, 'साहेबांनी पाठवलंय, लक्षात ठेवा.' आई म्हणते, असं कुणी बोललंच नाही. "काकू, स्लिप घ्या" एवढंच म्हणाले. दुसऱ्या बाजूची माणसं ओट्यावर येऊन बसतात, चहा पितात आणि जाताना सुचवतात, "वय झालं काकू, आठवत नाही म्हणून सांगा."

पैसे घेणंही गुन्हाच ना? मग कोर्टात कबूल केलं तर तिच्याच अंगावर येईल का? मत कुणाला दिलं हे विचारतील का? आणि तिच्या गुडघ्यांची अवस्था बघता मुंबईला जायलाच हवं का?

प्रतिसाद १

वकील आहे, पण हा सल्ला नाही, माहिती समजा. तुमचा स्वतःचा वकील पाहाच.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ उघडा. कलम ९४: मत कुणाला दिलं हे सांगायची साक्षीदारावर सक्ती नाही. विचारलं तर तुमचा वकील हरकत घेईल, विषय संपला.

कलम ९५ आईसाठी महत्त्वाचं. 'उत्तर दिलं तर मीच अडकेन' असं म्हणून साक्षीदाराला प्रश्न टाळता येत नाही. पण विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली, तर हायकोर्टाकडून संरक्षणाचं प्रमाणपत्र मिळण्याचा तिला हक्क आहे. मग त्याच घटनेवरून लाचेचा खटला झाला, तर ते प्रमाणपत्र हाच पूर्ण बचाव. तिचं उत्तर तिच्याविरुद्ध वापरता येत नाही, अपवाद एकच, खोटी साक्ष. म्हणून 'आठवत नाही' ही सूचना सगळ्यात महागात पडणारी आहे. ओट्यावर चहा देणं बंद करा.

आता परिच्छेद ६. ते वाक्य तिथे उगाच आलेलं नाही. लाच उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने दिली असं सिद्ध झालं, तर कलम १००(१)(ब) खाली निवड रद्द होते, निकालावर किती परिणाम झाला हे दाखवावं लागत नाही. संमती नसेल तर तो परिणामही सिद्ध करावा लागतो, आणि ते महाकठीण. थोडक्यात, अख्खी याचिका 'साहेबांनी पाठवलंय' या दोन शब्दांवर टांगलेली असू शकते. ते आईने ऐकले नसतील तर सही करायची नाही. सरळ सांगा, परिच्छेद काढा, नाहीतर ती कोर्टातच तोंडी साक्ष देईल. उलटतपासणीत पहिला प्रश्न ह्याच वाक्यावर येणार.

गुडघ्यांचं म्हणाल तर डॉक्टरांचा दाखला जोडून कमिशनर (कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारी व्यक्ती) नेमण्याचा अर्ज करता येतो. मग साक्ष जवळच्या ठिकाणी नोंदवता येते. कमिशनर नेमायचा की नाही ते कोर्ट ठरवेल. प्रवासखर्च मागायला मात्र लाजू नका.

प्रतिसाद २

एवढा खटाटोप कशाला? कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा. तामिळनाडूतल्या थेनी मतदारसंघाची २०१९ ची लोकसभेची निवड मद्रास हायकोर्टाने रद्द केली जुलै २०२३ मध्ये, तीही मालमत्ता लपवल्यावरूनच. मग सुप्रीम कोर्टाची स्थगिती, आणि तोवर पुढची निवडणूक दारात. काकूंना घरी बसू द्या.

प्रतिसाद १

समन्स आल्यावर घरी बसता येत नाही हो. उशीर होतो हे खरं. पण उशीर याचिकाकर्त्याने केला तर कोर्ट मुळीच दया दाखवत नाही. निकालापासून ४५ दिवस म्हणजे ४५ दिवस. २०२४ ला सुलतानपूरमधून हरलेल्या मेनका गांधींनी जिंकलेल्या उमेदवाराने गुन्हे लपवल्याचं म्हटलं होतं, अलाहाबाद हायकोर्टाने याचिका मुदतीबाहेर म्हणून फेटाळली. लपवले होते का, तिथपर्यंत गाडी गेलीच नाही.

आणि लाच सिद्ध करणं किती अवघड, तर १९७५ चा इंदिरा गांधींविरुद्धचा निकाल बघा. निवड रद्द झाली ती सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेतल्यावरून. मतदारांना घोंगड्या, धोतरं, दारू वाटल्याचा आरोपही याचिकेत होता, तो टिकला नाही. या आरोपांना फौजदारी खटल्यासारखाच काटेकोर पुरावा लागतो. म्हणून तर वकील साक्षीदाराच्या तोंडी वाक्यं घालायला जातात.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री आईला फोनवर कलम ९५ वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे खरं बोलले तर काही होत नाही, हे सरकारने लिहून दिलंय?" मी हो म्हटलं. मग परिच्छेद ६ तिने स्वतःच पेनाने खोडला आणि वकिलांना परत पाठवला. त्यांचा फोन आला होता, आवाज जरा चढलेला. कमिशनरसाठी अर्ज करतोय, दाखला सोमवारी मिळेल.

एकच राहिलं, आई रोज विचारते म्हणून. पंचनाम्यातली ती नोट शेवटी जाते कुठे? तिला पैसे नकोत. पण डबा उपडा करताना सांडलेली मोहरी पावशेर तरी होती म्हणे.