कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो (विषाणूमुळे होणारा आतड्यांचा आजार), खर्च कसा आवरायचा?

प्रश्न (खानापूर): तीन महिन्यांचं पिल्लू, उलट्या, रक्ताची हगवण. बेळगावात ॲडमिट करा म्हणतात. एवढे पैसे एकदम नाहीत ओ.

उत्तर: आधी फक्त पार्वोची किट टेस्ट करा. पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आटून, म्हणून पैसा सलाईनवर घाला. शिरेतली सुई पट्टीत गुंडाळून तशीच ठेवतात. दिवसा सलाईन, रात्री घरी, असं चालेल का विचारा. पट्टीखालचा पाय सुजला तर लगेच परत न्या.

उत्तर: तालुक्याच्या सरकारी पशु दवाखान्यात सकाळीच जा. १९६२ नंबरवर फोन केला की येणारी सरकारी फिरत्या पशु दवाखान्याची गाडी मुख्यतः गुरांसाठी, तिची वाट बघत बसू नका.

उत्तर: उलट्या चालू असताना तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. आणि फिनेलने हा विषाणू मरत नाही. १ भाग ब्लीच, ३० भाग पाणी, दहा मिनिटं फरशीवर राहू दे.